पाचशे रुपये मागं राहिले त्याची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

क्रेडिट कार्डाचं बिल वेळेत भरलं, जवळजवळ सगळं भरलं, आणि तरी पुढच्या बिलात 'फायनान्स चार्जेस', म्हणजे व्याज, म्हणून मोठा आकडा आला. असं तुमच्यापैकी अनेकांचं झालं असेल. कार्ड म्हणजे काय, बिल कसं येतं, यात मी वेळ घालवत नाही. सरळ आमच्या दाजींकडं जाऊ.

दाजींचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. माणूस व्यवहाराला चोख, पण एक सवय जुनी. कुणाचंही बिल असो, वरचे थोडे पैसे मागं ठेवायचे. "ऱ्हाऊ द्या, पुढच्या खेपंला बघू." व्यापारीही हसून वहीत मांडून ठेवतो. त्यानिमित्तानं येणं-जाणं राहतं, चहा होतो. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत अजून असे व्यवहार चालतात आणि ते चालावेत असं मला मनापासून वाटतं.

तर लेकीच्या लग्नासाठी दाजींनी 5 एप्रिलला कार्डावर चाळीस हजारांचा फ्रिज घेतला. रुखवतात फ्रिज मांडायची ही पद्धत मला अजिबात पटत नाही. रुखवतात करंज्या, अनारसे, फार तर भातुकलीची भांडी असावीत. फ्रिजपुढं उभं राहून उखाणा काय घेणार? असो. बिल निघालं 25 एप्रिलला, भरायची शेवटची तारीख 15 मे. दाजींनी त्या दिवशी न चुकता 39,500 भरले. पाचशे सवयीनं मागं ठेवले.

25 मेच्या बिलात त्या पाचशेच्या जोडीला आणखी 2,179 रुपये. रविवारी सकाळी दाजी बिल घेऊन दारात. मी मिसळ आणून ठेवली होती. (ब्रेडबरोबर. कोल्हापुरात मिसळीला पाव मागणाऱ्यांशी माझं जमत नाही.) दाजींनी मिसळीकडं बघितलंसुद्धा नाही.

"पाव्हणं, पाचशेला बावीसशे व्याज? सावकार बरा की ओ!"

"दाजी, व्याज पाचशेवर नाही. चाळीस हजारांवर लागलंय."

"ते तर मी भरलं की!"

मग मी पेन्सिल घेतली. श्रोतेहो, इथं नीट ऐका. बिनव्याजी मुदत मिळते ती एका अटीवर: बिल पूर्ण आणि मुदतीत भरायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण. थोडं जरी मागं राहिलं तर दाजींच्या कार्डाच्या अटींप्रमाणं सवलतच जाते, आणि व्याज लागतं ते थेट खरेदीच्या दिवसापासून. 5 एप्रिल ते 15 मे, चाळीस दिवस. दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. चाळीस हजारांचे चाळीस दिवसांचे झाले 1,841 रुपये. उरलेल्या पाचशेचे पुढच्या दहा दिवसांचे जेमतेम सहा. आणि या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 332. सगळं मिळून 2,179.

दाजी बराच वेळ कागदाकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे वहीवाला पाचशे मांडून ठेवतोय, आणि ह्यो अख्खा फ्रिजच मांडतोय." एवढं बोलून त्यांनी मिसळ ओढून घेतली. त्या महिन्यात कार्डावर दुसरं काही घेतलं नव्हतं म्हणून वाचले. नाहीतर त्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागलं असतं.

त्याच दिवशी त्यांनी सगळं बिल भरून टाकलं. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा काही रुपये व्याज! परत फोन. हे व्याज बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं, ते मागाहून येतं. ते किरकोळ दिसतं, पण तेही मागं ठेवू नका, नाहीतर सवलत पुन्हा सुरूच होत नाही. एक अख्खं बिल व्याजाशिवाय येईपर्यंत कार्ड खिशातच राहू द्या.

वेळ संपत आली, बाकीचं भराभर सांगतो. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, भरल्यानं उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. पुन्हा सांगतो, व्याज टळत नाही. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, वर वेगळं शुल्क. मुदत उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच उशिराचा दंड लावता येतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि व्याजाला वरची मर्यादा? राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये 30 टक्क्यांच्या वर नको म्हटलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. मला आयोगाचं म्हणणं जास्त पटलं होतं, पण माझ्या पटण्यानं दर उतरत नाही.

हिशेब चुकीचा वाटला तर आधी बँकेला लेखी कळवा, पोच ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी फोन क्रमांक 14448. परत सांगतो, एक चार चार चार आठ.

नमस्कार.