बिनपडद्याचा बेस : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

श्रोतेहो, एखाददुसऱ्या कारागिराच्या छोट्या कारखान्यात, वादकाच्या मागणीप्रमाणे, एकेक करून घडवलेल्या बेस गिटारला आपल्या वर्तुळात ‘बुटीक बेस’ म्हणतात. असे वाद्य घ्यायचे तर पैसे नेमके कशाचे मोजायचे, हा प्रश्न मला तरुण वादक वारंवार विचारतात. माझे उत्तर पडदे (फ्रेट), म्हणजे स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, असलेल्या बेसबद्दल थोडे लांबलचक आहे; बिनपडद्याच्या, म्हणजे फ्रेटलेस बेसबद्दल मात्र ते एका वाक्यात सांगता येते. पैसे फिंगरबोर्डचे, म्हणजे तारा ज्यावर दाबतात त्या लाकडी पट्टीचे, मोजावेत, बाकी सगळे त्यानंतर. असे का, ते आज सविस्तर मांडतो.

आधी थोडा इतिहास. अमेरिकन वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्याचे मोठे आकर्षण पडदे हेच होते. डबल बेसवर, म्हणजे उभ्याने वाजवायच्या मोठ्या बिनपडद्याच्या तंतुवाद्यावर, आयुष्यभर कान आणि हात घासून जो सूर सापडतो, तो पडद्यांमुळे कोणत्याही गिटारवादकाला पहिल्याच दिवशी मिळू लागला. त्या बेसची 34 इंचांची तारेची लांबी आजही सर्वसाधारण माप मानली जाते. पुढे 1966 मध्ये अँपेग कंपनीने बिनपडद्याचा बेस विक्रीला आणला आणि 1970 मध्ये खुद्द फेंडरनेही प्रिसिजनची फ्रेटलेस आवृत्ती काढली. पण या वाद्याला स्वतःचा आवाज आहे हे जगाला पटले ते 1976 मध्ये, अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियस यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला तेव्हा.

जॅको यांचे वाद्य बुटीक नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो 1962 सालचा फेंडर जॅझ बेस होता, कारखान्यात बनलेला. पडदे काढून रिकाम्या खाचा भरलेल्या होत्या आणि रोजवुडच्या, म्हणजे शिसवीच्या जातीतल्या लाकडाच्या, फिंगरबोर्डवर नौकांना लावतात त्या इपॉक्सीचे, म्हणजे वाळून कठीण होणाऱ्या राळेचे, थर चढवलेले होते. म्हणजे ज्या आवाजामागे पुढची पिढी धावली, त्या आवाजासाठी वाद्याच्या एकाच भागावर विशेष काम झाले होते, आणि तो भाग फिंगरबोर्ड होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे मायकेल पेड्यूला यांनी नंतर ‘बझ’ नावाचे जे फ्रेटलेस बेस घडवले, त्यांच्या एबनीच्या, म्हणजे आबनुसाच्या कठीण लाकडाच्या, फिंगरबोर्डवरही कठीण, चकचकीत लेप असे. जॅको यांच्याकडे शिकलेले मार्क ईगन यांनी ते बेस वाजवून नावारूपाला आणले.

आता हा आवाज निर्माण कसा होतो ते पाहू. पडदा असलेल्या बेसवर तार धातूच्या अरुंद पट्टीवर टेकते आणि तिथून पुढे मोकळी कंप पावते. बिनपडद्याच्या बेसवर ती बोटाचे मांस आणि लाकूड यांच्यामध्ये दाबली जाते. त्यामुळे आघाताची धार बोथट होते; पण तार बोटाच्या अगदी पुढे लाकडाला जेमतेम स्पर्श करत कंप पावत राहते आणि त्या निसटत्या स्पर्शातून वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर, हळूहळू फुलत जातात. आघातानंतर आवाज मागे न हटता जणू पुढे सरकतो. आपल्याकडे हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही, कारण तानपुऱ्याची जवारी याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच, की तानपुऱ्यात तारेचा हा निसटता स्पर्श घोडीच्या घासलेल्या माथ्यावर एकाच जागी होतो आणि मिरजेचा कारागीर त्या एका जागेवर सगळे कसब ओततो. फ्रेटलेस बेसमध्ये मात्र हा स्पर्श प्रत्येक स्वराबरोबर जागा बदलतो. म्हणून फिंगरबोर्डचा प्रत्येक भाग जवारी लावल्यासारखा तंतोतंत घासलेला असावा लागतो. एखाद्या ठिकाणी कागदाच्या जाडीएवढा उंचवटा राहिला, तर त्याच्या अलीकडचे दोन-तीन स्वर खरखरतात किंवा मुके होतात. पडद्याच्या बेसमध्ये असा दोष लाकडात असला तरी पडदे समपातळीत आणून तो झाकता येतो. इथे झाकायला काहीच नसते. कुशल हाताच्या कामाचा मोबदला इथे सरळ कानाला ऐकू येतो, म्हणून मी फिंगरबोर्डला पहिला मान देतो.

या वाद्यावर सुरेल वाजवणे म्हणजे काय, हे मापांवरून लक्षात येईल. 34 इंचांची तार म्हणजे सुमारे 864 मिलिमीटर. नटजवळचा, म्हणजे नेकच्या टोकाला तार जिथून सुरू होते त्या पट्टीजवळचा, पहिला अर्धस्वर त्यातले साधारण 48 मिलिमीटर व्यापतो, तर सप्तकाच्या जागेनंतरचा अर्धस्वर 24 मिलिमीटर. खुली तार षड्ज धरली, तर पियानोचा गांधार आणि आपल्या तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार यांच्या जागांमध्ये सुमारे साडेपाच मिलिमीटरांचे अंतर पडते. आपला गांधार नटच्या बाजूला, किंचित खाली लागतो. पडद्याच्या बेसवर हा गांधार केवळ बोट टेकवून मिळत नाही. फ्रेटलेसवर तो मिळतो, पण तिथेच थांबण्याची जबाबदारी वादकाची असते, आणि सोबत की-बोर्ड असेल तर पुन्हा वर सरकण्याचीही. मींड आणि आंदोलन यांची सवय असलेल्या आपल्या कानांना या वाद्याची ओढ वाटते यात नवल नाही. मात्र केवळ घसरत राहणे म्हणजे मींड नव्हे, आणि सुरुवातीला प्रत्येक स्वर घसरत घेण्याचा जो मोह होतो तो कटाक्षाने टाळावा असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

फिंगरबोर्डवर पडद्यांच्या जागी रेषा आखून घ्याव्यात का, हा वाद्य घडवून घेताना हमखास निघणारा वाद आहे. रेषांना कमीपणाचे लक्षण समजण्याची एक रीत आहे. मला ती मान्य नाही. जॅको यांच्या बेसवर भरलेल्या खाचांच्या रेषा स्पष्ट दिसत. मंचावर अंधुक प्रकाशात, ढोलताशे किंवा मोठा ड्रमसेट शेजारी वाजत असताना स्वतःचा स्वर नीट ऐकू येत नाही, तेव्हा रेषा खरोखर कामाला येतात. ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की बोट रेषेच्या मागे ठेवायचे नसते, नेमके रेषेवरच ठेवायचे असते. आणि रेषा समस्वरांतरित, म्हणजे पियानोसारख्या बारा समान अंतरांच्या, सप्तकाच्या असतात, त्यामुळे वर सांगितलेला गांधार त्यांवर सापडणार नाही.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल थोडक्यात सांगतो. 1969 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या अलेंबिक कंपनीने वाद्याच्या आतच प्रीॲम्प, म्हणजे आवाजाचा संकेत वाढवणारे छोटे मंडळ, बसवण्याची वाट दाखवली आणि स्टॅन्ली क्लार्क यांच्या हाती ते बेस गाजले. इंग्लंडमध्ये इयन वॉलर आणि पीट स्टीव्हन्स यांनी घडवलेल्या वॉल बेसच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारेचा कंप विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात, प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र वेटोळी आहेत. पर्सी जोन्स आणि मिक कार्न यांच्या फ्रेटलेस वादनाशी तो आवाज कायमचा जोडला गेला आहे. ब्रुकलिनमध्ये 1983 पासून काम करणाऱ्या फोडेरा कंपनीचे बेसही याच परंपरेतले. हे सारे उत्तम आहे, परंतु प्रीॲम्प उद्या बदलता येतो. शरीरावर लावलेला रेषारेषांचा देखणा लाकडी पापुद्रा, ज्याच्यासाठी किंमत पुष्कळ वाढते, तो आवाजात जवळजवळ काहीच भर घालत नाही.

आता झिजेबद्दल. गोल वेटोळ्यांची, म्हणजे राउंडवाउंड तार बोटाखाली थरथरली की कानशीसारखी लाकूड खाते. माझ्या पाचतारी फ्रेटलेसच्या एबनीवर खिडकीचा उजेड तिरपा पडू दिला, की तारांखाली केसासारख्या बारीक खुणा दिसतात, आणि त्या सर्वांत दाट असतात जिथे मी कंप देतो तिथे. एबनी हे सोसते. शिसवी, म्हणजे रोजवुड, नरम आणि सच्छिद्र, म्हणून ती लवकर झिजते. तिच्यावर चपट्या वेटोळ्यांच्या, फ्लॅटवाउंड तारा चढवाव्यात किंवा लेप द्यावा. ही शिसवी आपल्या पश्चिम घाटातलीच आणि दक्षिण भारतातून ती जगभरच्या गिटारकारांकडे जात आली आहे. 2017 च्या आरंभी शिसवीच्या संपूर्ण कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीस सूट मिळाली. मधल्या काळात अनेक कारागीर इतर लाकडांकडे वळले.

आपल्या हवामानात नेकवरही, म्हणजे फिंगरबोर्ड ज्यावर बसवलेला असतो त्या लांब दांड्यावरही, लक्ष ठेवावे लागते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते आणि नेकचा बाक बदलतो. फ्रेटलेसवर तारा फिंगरबोर्डच्या अगदी जवळ ठेवलेल्या असल्याने हा बदल लगेच आवाजात उतरतो. तार पहिल्या आणि शेवटच्या स्वराजागी दाबून धरावी आणि मधली फट पाहावी. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, आणि मग लाकडाला दिवसभर स्थिर होऊ द्यावे. एवढे काम प्रत्येक मालकाला आलेच पाहिजे.

जुना फ्रेटलेस घेताना मी झिजेच्या खुणांना घाबरत नाही, कारण झिजलेला फिंगरबोर्ड घासून पुन्हा सपाट करता येतो. मी कडेने त्याची उरलेली जाडी पाहतो. लाकूड भरपूर शिल्लक असेल तर ते वाद्य अजून कितीतरी वेळा घासून घेता येईल आणि खुणांमुळे किंमत कमी होत असेल तर ती खरेदी फायद्याचीच. लाकूड पातळ झाले असेल, तर नवा फिंगरबोर्ड बसवण्याचा खर्च कारागिराकडून आधी विचारून घ्यावा आणि तो किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.