शिक्षेचा अंदाज आणि न्यायालयाची निवड

मित्रहो, एखादा गुन्हा जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, यांच्यासमोर चालणार की सत्र न्यायालयात, असे आपल्याकडच्या फौजदारी वकिलाला विचारले, तर तो फौजदारी कार्यपद्धतीच्या संहितेच्या पहिल्या अनुसूचीतला शेवटचा रकाना पाहून उत्तर देतो. कलम कळले की न्यायालय कळते. जर्मनीतला वकील मात्र बहुतेक वेळा आपल्यालाच उलट विचारील, की या प्रकरणात शिक्षा किती होईल असे वाटते? एकही साक्षीदार तपासला जाण्याआधी शिक्षेचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजावर न्यायालय ठरवायचे, ही पद्धत आपल्याला उफराटी वाटते, म्हणून आज तिच्याकडे जरा जवळून पाहू.

ही वाटणी ज्या न्यायालय-रचना कायद्यात आहे तो मूळचा १८७७ चा. आजच्या मर्यादा मात्र १९९३ च्या दुरुस्तीने आल्या. सर्वांत खालचे न्यायालय म्हणजे आम्ट्सगेरिख्ट. तिथे ज्याची कायद्यातली किमान शिक्षा एक वर्षाच्या कैदेपेक्षा कमी आहे असा, म्हणजे सौम्य वर्गातला गुन्हा असेल आणि दोन वर्षांपेक्षा जास्त कैद अपेक्षित नसेल, तर एकटा न्यायाधीश खटला चालवतो. त्यापुढे चार वर्षांपर्यंत त्याच इमारतीत शोफनगेरिख्ट बसते: एक न्यायाधीश आणि दोन शोफन, म्हणजे पाच वर्षांसाठी निवडलेले सामान्य नागरिक. चार वर्षांहून अधिक कैद अपेक्षित असेल, तर खटला वरच्या लांडगेरिख्टमध्ये जातो. खून आणि सदोष मनुष्यवधाला हा हिशेब लागूच होत नाही, ते थेट लांडगेरिख्टमध्येच.

सायकलचोरीचा खटला साहजिकच एकट्या न्यायाधीशापुढे येतो. राहत्या घरातली घरफोडी घ्या. २०१७ पासून तिला किमान एक वर्षाची कैद आहे, म्हणून ती गंभीर वर्गात मोडते. आरोपीला वर्षभराचीच शिक्षा होईल असे दिसत असले, तरी एकटा न्यायाधीश ती चालवू शकत नाही, शोफन बसवावेच लागतात. आता सुरा दाखवून केलेली जबरी चोरी पाहा. तिला किमान पाच वर्षे, म्हणजे ती लांडगेरिख्टची. पण कायद्यात ‘कमी गंभीर प्रकरण’ अशी सवलत आहे आणि ती लागू झाली, तर किमान शिक्षा एका वर्षावर येते. सवलत मिळेल असे आधीच दिसत असेल, तर तोच खटला शोफनगेरिख्टपुढे जाऊ शकतो. सुरा तोच, कलम तेच, न्यायालय वेगळे.

मग अंदाज चुकला तर? एकट्या न्यायाधीशालाही चार वर्षांपर्यंत शिक्षा देण्याचा अधिकार आहे, तेव्हा दोन वर्षांचा अंदाज थोडा हुकला तरी खटला त्याच्याच हाती राहतो. चार वर्षे पुरणार नाहीत असे दिसले, तर मात्र खटला वर पाठवावा लागतो. उलट, वरच्या न्यायालयाला सुनावणी सुरू झाल्यावर प्रकरण किरकोळ वाटले, तरी ते खाली ढकलता येत नाही.

खरा आक्षेप निराळाच आहे. ‘विशेष महत्त्व’ असलेले प्रकरण शिक्षेचा अंदाज कमी असला तरी सरकारी पक्ष लांडगेरिख्टमध्ये दाखल करू शकतो. मग फिर्याद चालवणाराच न्यायाधीश निवडतो, असे नाही का झाले? जर्मनीत हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. नाझी राजवटीने १९३३ मध्ये विशेष न्यायालये आणि १९३४ मध्ये तथाकथित लोकन्यायालय उभे केले, आणि तो अनुभव ताजा असतानाच मूलभूत कायद्याच्या, म्हणजे जर्मन संविधानाच्या, १०१ व्या कलमात लिहिले गेले, की कायद्याने ठरवून दिलेला न्यायाधीश कोणाकडूनही काढून घेता येणार नाही. १९५९ मध्ये संविधान न्यायालयाने ‘विशेष महत्त्वा’ची ही तरतूद टिकवली, पण तिचा अर्थ आवळून: सरकारी पक्षाला इथे मर्जी नाही, महत्त्व असेल तर त्याने वर जायलाच हवे, नसेल तर जाता येणार नाही, आणि महत्त्व आहे की नाही हे न्यायालय स्वतः तपासेल. माझ्या मते ही तारेवरची कसरत आहे. ‘महत्त्व’ हा शब्द मुळातच लवचिक आहे.

न्यायालय ठरल्यानंतरची शिस्त मला अधिक भावते. कोणत्या न्यायाधीशाकडे कोणते काम, हे न्यायाधीशांनीच निवडलेले मंडळ वर्ष सुरू होण्याआधी लेखी ठरवते आणि तो आराखडा कोणालाही पाहता येतो. कुठे आरोपीच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून, कुठे प्रकरण येण्याच्या क्रमावरून वाटणी होते. रोस्टर, म्हणजे न्यायाधीशांच्या कामवाटपाचा तक्ता, कोणी ठरवायचा यावरचे आपल्याकडचे वाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

अपिलाचा हिशेब मात्र मला अजून पटलेला नाही. आम्ट्सगेरिख्टच्या निकालावर लांडगेरिख्टमध्ये पुन्हा साक्षीपुरावे होऊ शकतात. लांडगेरिख्टनेच मूळ खटला चालवला असेल, तर पुढे फक्त कायद्याच्या चुकांची तपासणी उरते. म्हणजे सायकलचोराला वस्तुस्थिती दोनदा मांडता येते आणि खुनाच्या आरोपीला एकदाच. वर मोठे पीठ बसते, असे समर्थन देतात. पण साक्षीदार काय बोलला याचा सारांश आम्ट्सगेरिख्टच्या कार्यवृत्तात नोंदवावा लागतो. लांडगेरिख्टला तेवढेही बंधन नाही.