पावाचे मणी

नमस्कार, श्रोतेहो.

स्टालिनच्या काळात सोव्हिएत रशियातल्या श्रमछावण्यांमध्ये, म्हणजे गुलागमध्ये, कैद्याचा जीव पावाच्या तुकड्यात अडकलेला असायचा. ठरलेलं काम पुरं झालं तर पाव पुरा, काम कमी भरलं तर पावही कमी. पाव घटला की अंगातलं बळ जायचं आणि दुसऱ्या दिवशी काम आणखीच मागे पडायचं. त्यातून कामाची मोजणी बहुधा अख्ख्या टोळीची. शेजारचा दमून खाली बसला, की आपल्या तोंडचा घास गेला! मग कैदीच कैद्याला हाकायचे. मला वाटतं, छावणीतली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच होती. थंडीपेक्षाही क्रूर.

अशा ठिकाणी कुणी विडीचं उरलेलं थोटूक पुढं केलं, लपवून ठेवलेली सुई घटकाभर वापरायला दिली, तर ते देणं लहान कसं म्हणायचं? रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कोलिमा भागातल्या छावणीत आंद्रेई पांत्युखोव हे डॉक्टर स्वतःच कैदी होते. त्यांनी वार्लाम शालामोव या खंगलेल्या लेखकाला १९४६ साली वैद्यकीय सहायकाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. त्या शिफारशीनं शालामोव वाचले.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९५० साली कैदेत असलेले रशियन लेखक अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांना कझाकस्तानातल्या छावणीकडे नेत होते. वाटेत कुइबिशेवच्या तुरुंगात त्यांना लिथुआनियाचे कॅथलिक कैदी जपमाळा करताना दिसले. पाव भिजवायचा, मळायचा, जळक्या रबरानं काळा किंवा दंतमंजनानं पांढरा करायचा, मणी वळून दोऱ्यात ओवायचे. सोल्झेनित्सिन यांना कविता रचायच्या होत्या, पण लिहिलेलं जवळ ठेवणं धोक्याचं. ओळी पाठ करायच्या तर मोजायला काहीतरी हवं. त्यांनी शंभर मण्यांची माळ मागितली: दर दहावा मणी चौकोनी, पन्नासावा आणि शंभरावा बोटांना वेगळा लागेल असा. एवढे मणी कशाला, याचं त्या भाविकांना नवल वाटलं. त्यांच्यातल्या कुणाचीच माळ एवढी लांब नव्हती. तरी त्यांनी ती करून दिली. शंभरावा मणी तर त्यांनी गडद लाल, हृदयाच्या आकाराचा केला. तेवढं कुणी मागितलंही नव्हतं.

सोल्झेनित्सिन ती हातमोज्यात ठेवत. रांगेत उभं असताना, कामावर जाता-येता, बोटं मण्यांवरून फिरत राहायची. झडतीत ती सापडायची, पण प्रार्थनेची माळ समजून पहारेकरी सोडून द्यायचे. शिक्षा संपेपर्यंत त्यांच्या सुमारे १२,००० ओळी पाठ झाल्या होत्या.