शंभर हर्ट्झचं भूत

पत्रिकेत विषय छापलाय ‘कोडमधून स्पेक्ट्रम’. कोडवर येतोच, चारच ओळींचा आहे तो. पण त्या चार ओळींच्या आधी जे घडतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

मध्यंतरी एका ओळखीच्या इंजिनिअरने मोटरच्या कंपनांची फाइल पाठवली. सेकंदाला 1000 नमुने. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीचा जोर किती हे दाखवणाऱ्या आलेखात, 100 हर्ट्झवर ठसठशीत टोक. मोटरमध्ये 100 हर्ट्झने हलणारं काहीच नाही, मग हे आलं कुठून? प्रोग्रॅम तीन जणांनी तपासला, लायब्ररी बदलून पाहिली. शेवटी कोडमध्येच फिल्टर लावून ते टोक कापलं आणि पेढे वाटल्यासारखा रिपोर्ट धाडला! हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलं असतं.

खरं कंपन होतं 900 हर्ट्झचं. कागद घ्या. 100 हर्ट्झची कोसाइन लहर, सेकंदाला 1000 नमुने: 1, 0.809, 0.309, उणे 0.309, उणे 0.809. आता 900 हर्ट्झची मांडा: 1, 0.809, 0.309... पुढचे मी सांगत नाही, तेच आहेत. जवळपास तेच नव्हे, अगदी तेच. मग बिचाऱ्या कोडने फरक ओळखायचा कशावरून? म्हणून नमुने घेण्याचा वेग सिग्नलमधल्या सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त हवा, आणि त्या वेगाच्या निम्म्यावरचं जे असेल ते नमुने घेण्याआधी, तारेवरच, ॲनालॉग फिल्टरने अडवायला हवं. एकदा 900 चं 100 झालं की कोडमधला फिल्टर खऱ्या 100 लाही कापतो.

भूत ओळखायचं कसं? वेग बदला. 1200 ने नमुने घेतले तर खरं 100 जागचं हलत नाही. 900 चं भूत उडी मारून 300 वर जातं. आम्ही तेच केलं. 2500 वर नेल्यावर ते मुकाट्याने 900 वर जाऊन बसलं.

सूत्रधार घड्याळ दाखवताहेत. बरं, कोड.

एफएफटी, म्हणजे नमुन्यांवरून स्पेक्ट्रम झटपट काढायची पद्धत, कूली आणि टूकी यांच्या 1965 च्या लेखामुळे गाजली, पण युक्ती गाउसने 1805 च्या सुमाराला लघुग्रहांच्या कक्षा काढताना वापरली होती. ती छापून आली 1866 मध्ये, तो गेल्यावर. 1024 नमुन्यांना सरळ पद्धतीने साडेदहा लाखांच्या आसपास गुणाकार लागतात, हिला साधारण पाच हजार.

ओळ पहिली: सरासरी वजा करा, नाहीतर शून्यावरचं टोक बाकी सगळं झाकतं. दुसरी: हॅन विंडोने, म्हणजे दोन्ही टोकांना शून्याकडे उतरणाऱ्या वक्राने, नमुन्यांना गुणा. कारण 1000 च्या वेगाने 1024 नमुने म्हणजे एक बिन, स्पेक्ट्रममधला एक कप्पा, 0.977 हर्ट्झचा, 50 हर्ट्झ पडतो 51.2 व्या बिनवर, आणि असा बिन नाहीच, मग ऊर्जा आजूबाजूला सांडते. विंडो ते सांडणं आवरते, बदल्यात टोक थोडं रुंद होतं. नमुन्यांच्या शेवटी शून्यं जोडून आलेख गुळगुळीत दिसतो, पण जवळच्या दोन फ्रिक्वेन्सी त्याने वेगळ्या होत नाहीत. त्यासाठी जास्त वेळ मोजावं लागतं. तिसरी: नमपाय या पायथनच्या लायब्ररीतलं आरएफएफटी, म्हणजे वास्तव संख्यांसाठीची एफएफटी. चौथी: प्रत्येक बिनमध्ये आलेल्या संमिश्र संख्येचा मापांक, म्हणजे तिचं मान, घ्या, दुप्पट करा, विंडोच्या बेरजेने भागा. पहिला बिन आणि नमुने सम असतील तर शेवटचाही, दुप्पट करायचा नाही. इतकं करूनही टोक दोन बिनांच्या बरोबर मध्ये पडलं, तर उंची 15 टक्क्यांनी कमी दिसते.

प्रश्न असतील तर बाहेर विचारा, इथे पुढचे वक्ते उभे आहेत.