मोडी कागद, नऊ आकडे आणि पायऱ्यांचा क्रम

बडोद्यातल्या कित्येक मराठी घरांत ट्रंकेच्या तळाशी मोडीत लिहिलेले जुने कागद आजही सापडतात. अशाच एका डागाळलेल्या कागदाचा स्कॅन घेऊन त्यातली अक्षरे स्वच्छ वेगळी काढायची आहेत, असे आज आपण धरून चालू.

संगणकाला हे चित्र म्हणजे 0 ते 255 या आकड्यांचा तक्ता दिसतो. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. कागदावर धुळीचा एक ठिपका आहे असे समजा. त्याच्या भोवतालचे नऊ आकडे असे : 212, 208, 210, 215, 30, 209, 211, 207, 213. यांची सरासरी काढली तर 190 च्या आसपास येते, म्हणजे ठिपका जात नाही, नुसता पसरतो. तेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला, पाचवा, घेतला तर 210 मिळतात आणि ठिपका मागमूस न ठेवता जातो. हा मीडियन.

खरी अडचण डागाची आहे. कोरा कागद 210, त्यावरची फिकी पडलेली शाई 130, पाण्याचा डाग 120 आणि डागातली शाई 55 असेल, तर डाग फिक्या शाईपेक्षा काळा ठरतो आणि कोणतीही एकच सीमारेषा शाईला कागदापासून वेगळी करू शकत नाही. पहिल्या प्रयत्नात मी थेट सीमा लावली होती. डागाखालची अडीच ओळ सबंध काळी झाली. म्हणून आधी प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या, अक्षराच्या रेघेहून रुंद अशा चौकटीतला सर्वांत मोठा आकडा घ्यावा आणि त्या निकालावर तशाच चौकटीतला सर्वांत लहान. शाई बुजते, डागासकट नुसता कागद उरतो. त्यातून मूळ चित्र वजा केले की 210 वजा 130 म्हणजे 80, आणि 120 वजा 55 म्हणजे 65. कोरा कागद आणि डाग दोन्ही शून्याजवळ येतात. आता 40 ची सीमा पुरते. ही सीमा आकड्यांच्या विभागणीवरून आपोआप ठरवण्याची रीत नोबुयुकी ओत्सु यांनी 1979 साली मांडली.

सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेण्याच्या या क्रियांचे शास्त्र 1964 पासून फ्रान्समध्ये जॉर्ज मातेराँ आणि जाँ सेरा यांनी खनिजांच्या अभ्यासातून उभे केले.

क्रमाबद्दल एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. सीमा ठरलेली असेल तर मीडियन आधी घ्या किंवा नंतर, उत्तर तेच येते, कारण पाचवा आकडा सीमेच्या वर असणे आणि नवांपैकी किमान पाच वर असणे ही एकच गोष्ट आहे. सरासरीला ही मुभा नाही, आणि वजाबाकीला तर मुळीच नाही.

आता मोडीची रेघ. लिहिणारा ती पानभर आधी आखून घेई आणि मग तिला अक्षरे लटकवी. आडव्या साठ पिक्सेलांच्या पट्टीत सलग शाई जिथे बसते, तेवढीच राखली तर रेघ एकटी हाती येते. मात्र कागद स्कॅनरवर तिरका ठेवला असेल तर पट्टी रेघेतून बाहेर पडते, म्हणून पान सरळ करण्याची पायरी या पायरीच्या आधी घ्यावी लागते.