आधी गच्चीवर जा, मग दुकानात

नमस्कार मंडळी. तुमच्या चिटणीसांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, पाऊण तास नुसत्या नळावर कोण ऐकेल? ते म्हणाले, तुम्ही याच. रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरने फिटिंग निवडायची यादी दिली आहे आणि बिल्डिंगमध्ये भांडणं लागली आहेत. एकाच्या घरात काळे नळ येणार, दुसऱ्याला सोनेरी हवेत, तिसरे म्हणतात आम्हाला आपली जुनी पितळी तोटीच द्या. म्हणून आलो. बत्तीस वर्षं सॅनिटरीचं दुकान चालवलं. त्याआधी मेहुण्याच्या हाताखाली दोन वर्षं पाने-पकड घेऊन हिंडलो. त्या दोन वर्षांत जे शिकलो तेच पुढे बत्तीस वर्षं विकलं म्हणा.

दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘कुठली कंपनी चांगली?’ मी उलट विचारायचो, कितव्या मजल्यावर राहता? माणूस चमकायचा. नळ घ्यायला आलोय, पत्ता कशाला विचारतोय हा?

त्याचं कारण सांगतो. पाण्याच्या टाकीपासून नळ जितका खाली, तितका पाण्याला दाब. दाब मोजतात बारमध्ये, आणि दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक बार. आता तुमची जुनी बिल्डिंग घ्या, तळमजला अधिक तीन. गच्चीवरच्या टाकीचा तळ स्लॅबपासून चार-पाच फूट वर. तळमजल्याच्या बेसिनला साडेबारा मीटर उंचीचा दाब मिळतो, म्हणजे सव्वा बार. तिसऱ्या मजल्यावर शॉवरच्या तोंडाशी मिळतो अडीच मीटरचा, पाव बार. एकाच इमारतीत, एकाच टाकीचं पाणी, आणि फरक पाचपट.

दुकानातल्या चकचकीत कॅटलॉगमध्ये ‘मिनिटाला इतके लिटर’ असं छापलेलं असतं. युरोपातल्या मिक्सरचा, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र सोडणाऱ्या नळाचा, हा आकडा ३ बार दाबाला मोजतात. ३ बार म्हणजे तुमच्या डोक्यावर दहा मजले आणि त्याच्यावर टाकी. तिथे बारा लिटर देणारा मिक्सर वरच्या मजल्यावर पाव बारच्या आसपास चार लिटरसुद्धा देत नाही. दाब दहापट घटला तर प्रवाह तिपटीने घटतो, हा साधा हिशेब आहे. मग माणूस सहा महिन्यांनी येऊन मला सांगतो, एवढे पैसे घातले आणि धार करंगळीएवढी. नळात काही दोष नसतो हो. त्याचं जन्मगाव वेगळं, एवढंच.

तेव्हा आधी गच्चीवर जा. टाकीचा तळ कुठे आहे ते बघा, आपलं बेसिन, आपला शॉवर किती खाली आहे ते मोजा. नव्या टॉवरमध्ये प्रेशर पंप बसवणार असतील तर तसं बिल्डरकडून लेखी घ्या, कारण मग हिशेब उलटा होतो. तिथे खालच्या मजल्यांना दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर नळ उघडला की बनियन भिजतं. आणि कमी दाबाचं घर असेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारायचं, हा मिक्सर कमीत कमी किती दाबाला चालतो? त्याला सांगता आलं नाही तर डब्यातला कागद काढून वाचायला सांगा. कागदावर असतं ते.

दुसरी गोष्ट पाणी कसलं आहे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरात विचारा, तूरडाळ शिजते का? साबणाला फेस येतो का? पाणी जड आहे हे आपल्या आज्यांना नळ यायच्या आधीपासून कळत होतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा म्हटलंय, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी कमी पडलं की सोसायटी बोअर सुरू करते, टँकर मागवते, आणि टँकरमधून काय काय येतं ते टाकी धुणाऱ्याला विचारा.

आता नळाच्या आत डोकावू. जुनी तोटी म्हणजे फिरकीचा दांडा, त्याला आपण स्पिंडल म्हणतो, आणि त्याच्या टोकाला वॉशर. चावी फिरवत जायची, वॉशर खाली बसतो, पाणी बंद. ही कल्पना इंग्लंडातल्या रॉदरहॅम गावच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ च्या सुमारास आणली. पुण्यात तोवर कात्रजचं पाणी पेशव्यांच्या काळापासून हौदात पडत होतं. हौदाला तोटी नाही, त्यामुळे वॉशर जाण्याचा प्रश्नच नव्हता.

नवा नळ म्हणजे सिरॅमिकच्या दोन चकत्या, एकमेकींवर घट्ट टेकलेल्या. भोकं जुळली की पाणी, सरकली की बंद. पाव फेऱ्यात काम होतं. चकत्या आरशासारख्या सपाट घासलेल्या असतात, मध्ये रबर नाही, झिजायला फारसं काही नाही. स्वच्छ पाण्यात वर्षानुवर्षं चालतात. पण रेतीचा एक कण मध्ये अडकला की चकत्या नीट टेकत नाहीत आणि थेंब सुरू होतो. आणि मग आपली सवय आड येते. आपण लहानपणापासून एकच ऐकलंय: ‘नळ नीट आवळ रे!’ वॉशरच्या तोटीला ते बरोबर होतं. सिरॅमिकच्या नळाला जोर लावला की थेंब थांबत नाही, चकती मात्र तडकते. माझ्या आईने आमच्या घरातले दोन कार्ट्रिज, म्हणजे नळातल्या त्या चकत्यांच्या डब्या, असे आवळून मारले. दुकान माझंच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार!

थेंबाला हलकं समजू नका. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरच्या वर पाणी जातं. वर्षाचे दीड हजार लिटर.

म्हणून मी काय सांगतो, बेसिनला आणि शॉवरला सिरॅमिकचा नळ घ्या. पण बोअरची लाइन, गच्चीवरचा नळ, धुण्याच्या मोरीतला नळ, तिथे साधी वॉशरची पितळी तोटी अजूनही शहाणी. काही रुपयांत वॉशर मिळतो, पाना असला की घरचा माणूस बदलतो. ते जुन्या तोटीवाले काका कोण आहेत? तुमचं अर्धं बरोबर आहे.

आता धातू. चांगल्या नळाचं अंग पितळेचं, म्हणजे तांबं आणि जस्त. स्वस्त नळात अंग जस्ताच्या मिश्रधातूचं ओततात आणि वरून तसाच चकाकणारा मुलामा देतात. दुकानात उभं राहून दोन्ही सारखेच दिसतात. लोक लोहचुंबक घेऊन येतात. मंडळी, पितळेला चुंबक चिकटत नाही, जस्तालाही चिकटत नाही, त्यामुळे त्या चुंबकाने एवढंच कळतं की लोखंड नाही. त्यापेक्षा नळ हातात घ्या, मागच्या आट्यांच्या तोंडातून आत बघा. जिथे मुलामा पोचलेला नाही तिथे पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर जस्त. वजनही बघा, पितळ जस्तापेक्षा जड. पण कंपन्या जाड जस्त ओतून वजन भरतात, म्हणून आधी डोळा, मग हात. दांडी मात्र बऱ्याच चांगल्या नळांचीही जस्ताचीच असते, तिला पाणी लागत नाही, त्यात फसवणूक नाही. पीटीएमटीचे प्लास्टिकचे नळ मिळतात, त्यांना नाक मुरडू नका. खाऱ्या हवेत, कोकणात समुद्राकाठी, मुलामा उडालेल्या नळापेक्षा ते बरे दिसतात आणि क्षार त्यांना खात नाही. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलही चांगलं, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल.

मुलाम्याचं ऐका, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. दुकानात याला सीपी फिटिंग म्हणतात, म्हणजे क्रोमचा मुलामा. पण खरं रक्षण खालचं निकेल करतं. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही कमी असतो. आता आपल्याकडे काय होतं? टाइल्स बसल्या, नळ बसले, आणि शेवटच्या दिवशी गवंडी फरशीवरचं सिमेंट काढायला ॲसिड टाकतो. दारं बंद. ॲसिडची वाफ नळाला लागते आणि आठ दिवसांत नळ काळे-हिरवे. मग घरमालक दुकानात येतो, नळ माझ्या टेबलावर आपटतो. मी वास घ्यायचो आणि विचारायचो, ॲसिड कधी मारलं? म्हणून ॲसिडचं काम आधी उरका, खोली दोन दिवस उघडी ठेवा, नळ त्यानंतरच. पुढेही संडास धुवायच्या ॲसिडच्या बाटलीचा हात नळाला लागू देऊ नका. बसलेला क्षार काढायला लिंबाची फोड किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ ठेवा आणि धुऊन टाका.

काळ्या आणि सोनेरी नळांचं विचारलंत. दिसतात छान. पण जड पाणी असेल तर काळ्यावर प्रत्येक थेंबाचा पांढरा ठिपका राहतो. रोज पुसणार असाल तर घ्या. घरात कोण पुसणार ते मात्र आधी ठरवा, दुकानात नवरा निवडतो आणि फडकं दुसऱ्याच्या हातात जातं.

नळाच्या तोंडाला जाळी असते, एअरेटर. पाण्यात हवा मिसळते, फेसाळ धार येते, शिंतोडे उडत नाहीत, पाणी वाचतं. बेसिनला लावाच, आणि तीही हाताने किंवा नाण्याने फिरवून निघेल अशी घ्या, कारण जड पाण्यात ती दर दोन-तीन महिन्यांनी धुवावी लागते. पण अंघोळीच्या बादलीवरच्या नळाला एअरेटर लावू नका. वीस लिटरची बादली भरायचीच आहे, मिनिटाला पंधरा लिटरने भरा की पाचने, पाणी तेवढंच जाणार. फरक एवढाच की सव्वा मिनिटाऐवजी चार मिनिटं पंचा गुंडाळून उभं राहायचं, तेही डिसेंबरात. आणि हो, बादली घेऊनच नळाची उंची ठरवा. घरातली सर्वांत उंच बादली नळाखाली तिरकी न करता सरकली पाहिजे. कॅटलॉगमधल्या बाथरूममध्ये बादली नसते.

गरम-गार एकाच दांडीने चालवण्याची कल्पना अल्फ्रेड मोएन नावाच्या अमेरिकी तरुणाची. १९३७ साली दोन चाव्यांच्या नळाखाली हात धुताना तो भाजता भाजता वाचला, आणि दहा वर्षांनी त्याचा एका दांडीचा नळ बाजारात आला. ज्यांची बोटं सांधेदुखीने वळत नाहीत त्यांच्यासाठी हा नळ वरदान आहे, साबणाच्या हाताने, मनगटानेसुद्धा चालतो. गोल गुळगुळीत चाव्या ज्येष्ठांच्या बाथरूममध्ये नकोतच. पण मिक्सरला गरम आणि गार दोन्हींचा दाब साधारण सारखा लागतो. तुमच्या गच्चीवर सोलर असेल आणि त्याच्या गरम लाइनला गार लाइनपेक्षा दाब बराच कमी असेल, तर जोराचं गार पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनमध्ये शिरतं. मग सगळ्या बिल्डिंगला कोमट पाणी आणि एकमेकांवर संशय. त्या लाइनला उलट पाणी अडवणारा एनआरव्ही लावून घ्या.

कन्सील्ड डायव्हर्टर, म्हणजे भिंतीत गाडलेला मिक्सर, यावर मी कडक बोलतो. तीन गोष्टी झाल्याशिवाय टाइल लावू देऊ नका. लाइनला दाब देऊन गळती तपासायची, पाइपांचे मोजपट्टी ठेवून फोटो काढायचे, आणि आतलं कार्ट्रिज पुढून, टाइल न फोडता निघतं का ते मिस्त्रीकडून काढून दाखवून घ्यायचं. शंका वाटली तर बाहेरचा वॉल मिक्सर घ्या. तो बिघडला तर दुपारी बदलून संध्याकाळी अंघोळ होते.

आणि नळ बसवताना, मिस्त्री घाईत असला तरी, आधी उघड्या पाइपातून दोन मिनिटं पाणी सोडायला लावा. पाइप कापल्याचा भुसा, सिमेंट, टेफ्लॉनचे तुकडे, जे निघतं ते बादलीत बघा. हाच कचरा नव्या नळात जाऊन बसतो. प्रत्येक नळाखाली अँगल कॉक हवा, म्हणजे एका नळासाठी सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही.

बोलणं पुष्कळ झालं. टेबलावर सहा नळ उभे कापून ठेवलेत, तीन पितळेचे, दोन जस्ताचे, एक कशाचा ते तुम्हीच आत बघून सांगा. सुटे कार्ट्रिजही आहेत, खोलून बघा, आवळून बघा, तडकले तरी चालतील. फक्त निळ्या डबीतले वॉशर परत डबीत टाका, मागच्या व्याख्यानात अर्धे गेले.