पहिल्या डावाला बारा तुकड्या पुरे

श्रोतेहो, नमस्कार.

रंगवलेले छोटे सैनिक टेबलावर मांडून इतिहासातली लढाई खेळायची, हा झाला हिस्टॉरिकल वॉरगेम. एखाद्या दुकानात असा डाव मांडणार असतील, तर काही विकत घेण्याआधी तो खेळून बघा. नियम निवडता आले, तर ‘डीबीए’ मागा. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचे हे नियम १९९० साली आले. दोन्ही बाजूंना बारा-बारा तुकड्या, नेहमीचा सहा अंकी फासा, आणि तासाभरात निकाल. शेकडो सैनिकांचा भव्य डाव पहिल्याच दिवशी मांडला, तर तो बहुधा अर्धवटच राहतो.

१५ मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या सैनिकांच्या, सैन्यात जड पायदळाचे चार सैनिक ४० मिलिमीटर रुंद पट्टीवर चिकटवलेले असतात. ही पट्टी म्हणजे एक तुकडी. उचलताना पट्टीच धरा. भाल्याला धरलं की भाला वाकतो, आणि वारंवार सरळ केला की तुटतो.

आपली पाळी आली की फासा टाकायचा. चार पडले तर चार हुकूम. एका हुकमात एकटी तुकडी हलते, किंवा कडेला कड लावून उभी असलेली अख्खी रांग. नवख्याचा डाव इथंच फिसकटतो. उत्साहाच्या भरात तो पहिल्याच पाळीत रांग मोडतो, पुढच्या पाळीत फाशावर एक पडतो, आणि अकरा तुकड्या जागच्या जागी खिळतात. म्हणून शत्रूला भिडेपर्यंत रांग मोडू नका.

आता प्रत्यक्ष झुंज. तलवारधारी पायदळाचे पायदळाविरुद्ध ५ गुण, हलक्या सहायक पायदळाचे ३. दोघंही फासा टाकून त्यात मिळवतात. तलवारवाल्यांना १ पडला, बेरीज ६. समोरच्याला ५ पडले, बेरीज ८. तलवारवाले हरले, पण फक्त मागे हटले, कारण त्यांची बेरीज समोरच्याच्या निम्म्याहून जास्त आहे. हेच फासे पुन्हा घ्या, पण आता तलवारवाल्यांच्या दोन्ही बाजूंना शत्रूच्या तुकड्या पुढे सरकून उभ्या आहेत. दर बाजूचा एक गुण वजा, म्हणजे बेरीज ४. आठाच्या बरोबर निम्मी. तुकडी पटावरून उचलायची! फासे तेच, तुकडी तीच, गेली ती उघड्या पडलेल्या बगलेमुळं. आणि शत्रूची आघाडी जर थेट बगलेला किंवा पाठीला भिडलेली असेल, तर नुसतं मागे हटावं लागलं तरी तुकडी नष्ट होते. लढायांच्या वर्णनात सेनापती बगल सांभाळायला एवढे का धडपडतात, ते इथं हाताला कळतं. या खेळाची खरी गोडी हीच.

जंगल आणि खडकाळ उतार हलक्या पायदळाला द्या. तलवारवाले आणि घोडदळ तिथं शिरले की त्यांचे गुण घटतात.

चार तुकड्या गमावल्या आणि त्या शत्रूच्या नुकसानीपेक्षा जास्त असल्या, की डाव हरलात. वेळ उरला तर सैन्यांची अदलाबदल करून तोच डाव पुन्हा मांडा.